पाण्याचा आकडा ऐंशी

टेफ्लॉनचा २.१, पॉलिथिनचा २.२५, काचतंतू घातलेल्या हिरव्या सर्किट बोर्डाचा ४.४ च्या आसपास, आणि साध्या पाण्याचा ८०. हे डायइलेक्ट्रिक स्थिरांकाचे आकडे. एखादा विद्युतरोधक पदार्थ निर्वात पोकळीच्या तुलनेत विद्युतक्षेत्राची किती जास्त ऊर्जा स्वतःत साठवून घेतो, ते हा आकडा सांगतो. संदेश वाहणाऱ्या तारेभोवतीचं आवरण जितकं जास्त साठवेल, तितका संदेश रेंगाळतो, फाकतो. म्हणून गेली दीडशे वर्षं संदेशवहनातल्या माणसांची धडपड हा आकडा खाली आणण्याची आहे.

रायगड जिल्ह्यातल्या महाड आणि पोलादपूर तालुक्यांत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तोही बहुतेक सगळा चार महिन्यांत. विद्युतरोधकांचा इतिहास लिहिणारे एकामागून एक नव्या पॉलिमरांची नावं सांगत जातात. इथे सावित्री नदीच्या खोऱ्यात बसून तोच इतिहास वाचला की वेगळाच दिसतो. पॉलिमर बदलत गेले, शत्रू मात्र एकच राहिला. प्रत्येक नव्या पदार्थाला पहिला प्रश्न हाच विचारला गेला, की तुझ्यात पाणी शिरतं का?

सुरुवात गटापर्चापासून करावी लागते. मलायाच्या जंगलातल्या एका झाडाचा हा चीक. विल्यम माँटगोमेरी या डॉक्टरने त्याचे नमुने १८४३ मध्ये लंडनला पाठवले. गरम पाण्यात मऊ होणारा, थंड झाल्यावर कातड्यासारखा घट्ट होणारा आणि समुद्राच्या पाण्यात वर्षानुवर्षं न कुजणारा हा पदार्थ. मायकेल फॅरडेने १८४८ मध्ये त्याच्या रोधकगुणांची शिफारस केली आणि समुद्राखालून तार टाकण्याचं स्वप्न एकाएकी आवाक्यात आलं. पण पाण्यात बुडवलेल्या तारेतून पाठवलेला टोकदार ठोका पलीकडच्या टोकाला पसरट होऊन निघतो, हेही लवकरच लक्षात आलं. फॅरडेने १८५४ मध्ये कारण सांगितलं. आत तांबं, बाहेर समुद्राचं खारं पाणी आणि मध्ये गटापर्चा, म्हणजे मैलोन्‌मैल लांब विद्युत साठवणारं भांडंच झालं. विल्यम थॉमसनने गणित मांडून दाखवलं की तारेची लांबी दुप्पट केली तर हा विलंब चौपट होतो. डायइलेक्ट्रिक स्थिरांक ही पुस्तकी राशी व्यापाऱ्यांच्या खिशाला लागली ती तेव्हापासून.

हिंदुस्थानकडे येणारी पहिली समुद्रतार तांबड्या समुद्रातून टाकली गेली, १८५९-६० मध्ये. ती टिकली नाही. मुंबईचा दिवस उगवला १८७० मध्ये. त्या काळचं सर्वांत मोठं जहाज ग्रेट ईस्टर्न मुंबई बंदरात आलं आणि फेब्रुवारीत तार सोडत एडनकडे निघालं. या सफरीसाठी त्याचा काळा रंग घालवून त्याला पांढरा दिला होता. शोभेसाठी नव्हे, तर उष्ण कटिबंधातल्या उन्हाने पोटातला गटापर्चा मऊ पडू नये म्हणून. शिवाय तारेची वेटोळी जहाजावरच्या प्रचंड टाक्यांत पाण्याखाली ठेवलेली. आवरणाला पाण्याची भीती नव्हती, भीती होती उष्णतेची. त्याच वर्षी जूनमध्ये मुंबई आणि इंग्लंड तारेने जोडले गेले. त्यासाठी मलायाच्या जंगलांत जी तोड झाली ती भयंकर होती. चिकासाठी अख्खं झाड आडवं करत, आणि काही दशकांत सिंगापूर बेटावर ते झाड जवळजवळ उरलं नाही. नैसर्गिक पॉलिमर म्हटलं की पर्यावरणाला अनुकूल, असं आज सर्रास लिहिलं जातं. लिहिणाऱ्यांनी गटापर्चाची हकिकत एकदा वाचावी.

टेलिफोन आला तेव्हा गटापर्चा अपुरा पडला. माणसाचा आवाज सेकंदाला काही हजार कंपनांचा, त्याला आणखी हलकं आवरण हवं. मग अभियंत्यांनी अगदी उलट वाट धरली. तांब्याच्या बारीक तारांवर सैलसर कोरडा कागद गुंडाळायचा, कागदाच्या पदरांत हवा अडकवायची आणि सगळा जुडगा शिशाच्या नळीत बंद करायचा. हवेचा आकडा जवळजवळ १, त्यामुळे कागद आणि हवा मिळून गटापर्चापेक्षा कितीतरी कमी. अट एकच, आत ओल नको. शिशाला केसाएवढी भेग पडली तरी कागद टिपकागदासारखा पाणी ओढून घेणार.

कोकणात हे काय प्रकरण होतं, ते त्या काळच्या केबल जॉइंटरच्या कामात दिसतं. रस्त्याच्या कडेला खड्डा, वर ताडपत्री, आत एक माणूस उकिडवा बसलेला. शेजारी ब्लोलॅम्पवर पातळ केलेलं पॅराफिन मेण. कापलेल्या केबलच्या तोंडाचा कागदाचा एक तुकडा तो त्या गरम मेणात बुडवायचा. कागद मुकाट बुडाला तर केबल कोरडी. चरचर आवाज होऊन फेस आला तर आत पाणी. मग आणखी थोडी केबल कापायची, पुन्हा तुकडा, पुन्हा मेण. कागद गप्प बसेपर्यंत हे चालायचं. तारा जोडून झाल्या की सांध्यावर तेच गरम मेण ओतून उरलीसुरली ओल उडवायची आणि शिशाची बाही वितळवून तोंड बंद करायचं. महत्त्वाच्या केबलींत यंत्राने कोरडी हवा दाबाने भरून ठेवत, म्हणजे भेग पडलीच तर हवा बाहेर येईल, पाणी आत जाणार नाही. लहान गावांत एवढा थाट नव्हता. तिथे खांबांवरच्या उघड्या तारा आणि चिनीमातीचे रोधक. त्या रोधकांचा आकार घंटेसारखा, खालून पोकळ, तोही पावसासाठीच. वरून धो धो पाणी पडलं तरी घंटेच्या आतला पृष्ठभाग कोरडा राहावा आणि वीज ओल्या पातळ थरावरून सरपटत खांबाला जाऊ नये.

या सगळ्या कसरतीतून सुटका केली ती अपघाताने सापडलेल्या एका मेणचट पांढऱ्या पदार्थाने. इंग्लंडमध्ये इम्पीरियल केमिकल इंडस्ट्रीजच्या विनिंग्टनच्या प्रयोगशाळेत रेजिनाल्ड गिब्सन आणि एरिक फॉसेट यांनी मार्च १९३३ मध्ये इथिलीन वायू आणि बेंझाल्डिहाइड यांच्यावर हवेच्या सुमारे १९०० पट दाब दिला. रासायनिक क्रिया हवी होती ती झालीच नाही. पात्रात थोडं पांढरं मेण मात्र मिळालं. प्रयोग पुन्हा केला तर स्फोट. डिसेंबर १९३५ मध्ये मायकेल पेरिन आणि सहकाऱ्यांनी तो यशस्वीपणे केला, तोही नशिबाची साथ मिळाल्यामुळे. पुढे कळलं की क्रियेला चालना द्यायला किंचित ऑक्सिजन लागतो, आणि तो त्यांच्या वायूत योगायोगाने होता. पॉलिथिनचा पहिला कारखाना सुरू झाला सप्टेंबर १९३९ मध्ये, महायुद्धाला तोंड फुटलं त्याच सुमाराला. त्याचा बहुतेक सगळा माल रडारच्या केबलींकडे गेला. सेकंदाला वीस कोटी आणि त्याहून जास्त कंपनांच्या लहरी विमानाच्या अरुंद पोटात एका डब्यातून दुसऱ्या डब्यात न्यायच्या, तर लवचीक, हलकी आणि ऊर्जा न खाणारी केबल हवी. पॉलिथिन नसतं तर विमानातलं रडार इतक्या लवकर उभं राहिलं असतं का, याची शंकाच आहे.

ऊर्जा न खाणं ही बाब नीट समजून घ्यायला हवी, कारण पुढचं सगळं रेणुशिल्प तिच्यावर उभं आहे. पाण्याच्या रेणूची एक बाजू किंचित ऋण, दुसरी किंचित धन. विद्युतक्षेत्राची दिशा उलटली की रेणूही उलटायला बघतो. जाखडी नाचात ढोलकीचा ठेका वाढत जातो तशी एक वेळ अशी येते की पाय ठेक्याच्या मागे पडतात आणि नाचणारा नुसताच घामाघूम होतो. सेकंदाला अब्जावधी वेळा उलटणाऱ्या क्षेत्रात पाण्याच्या रेणूचं तेच होतं. तो मागे पडतो, आणि लहरीची शक्ती उष्णता होऊन जाते. पॉलिथिनमध्ये फक्त कार्बन आणि हायड्रोजन. साखळी सममित, वळायला धन-ऋण टोकंच नाहीत. त्यामुळे आकडा लहान, तोटा नगण्य, आणि कंपनसंख्या कितीही वाढवली तरी दोन्ही जवळजवळ तेवढेच. पाणी चिकटायलाही त्यात जागा नाही. रॉय प्लंकेटला ड्यूपाँटमध्ये एप्रिल १९३८ मध्ये असाच अवचित सापडलेला टेफ्लॉन एक पायरी आणखी खाली गेला. तिथे हायड्रोजनच्या जागी फ्लोरीन, ज्याचे इलेक्ट्रॉन इतके घट्ट धरलेले असतात की क्षेत्राने ओढूनही फारसे हलत नाहीत.

भारतात पॉलिथिन बनायला लागलं ते १९५९ मध्ये, बंगालमधल्या रिश्र्याला. साठच्या दशकात मुंबई-ठाण्याचा पट्टा पेट्रोरसायनांचा झाला, आणि १९९० च्या सुमाराला रायगड जिल्ह्यातच, मुंबई-गोवा महामार्गावर महाडच्या वरच्या अंगाला नागोठण्याला, इंडियन पेट्रोकेमिकल्सचं संकुल उभं राहिलं. बॉम्बे हायचा वायू येतो, त्यातल्या इथेन-प्रोपेनपासून इथिलीन आणि इथिलीनपासून पॉलिथिन. पुढे २००७ मध्ये ही कंपनी रिलायन्समध्ये विलीन झाली. बिरवाडीच्या औद्योगिक वसाहतीमुळे महाडची ओळख रसायनांचं गाव अशी झाली आहे. पण संदेशवहनाच्या इतिहासाला भिडणारा कारखाना जिल्ह्यात शोधायचा तर नागोठण्याकडेच बोट दाखवावं लागेल.

आवरण पॉलिथिनचं झालं तरी केबलीत पाणी शिरायचं थांबलं नव्हतं. तारा रोधकात होत्या, पण तारांमधल्या पोकळीत हवा होती. आवरणाला कुठे कुदळ लागली की पावसाचं पाणी त्या पोकळीतून शंभर-शंभर मीटर धावत जायचं. जिथे बिघाड दिसे तिथे भोक नसे आणि जिथे भोक असे तिथे सगळं ठीक दिसे. उपाय निघाला तो पेट्रोलियम जेलीचा, केबलच्या सगळ्या फटी तिने भरून टाकण्याचा. ऐंशीच्या दशकापासून आपल्याकडे ही जेलीफिल्ड केबल सर्रास झाली. तिचा सांधा ज्याने केला आहे त्याच्या हातांचा चिकटपणा साबणानेही सहज जात नाही. पण जेली फुकट मिळत नाही. हवेचा आकडा १, जेलीचा २.२ च्या आसपास. पाणी बाहेर ठेवायचं म्हणून हवा काढली तर केबलची साठवण वाढली. ती पुन्हा खाली आणायला आवरण जाड करावं लागलं, किंवा पॉलिथिनमध्ये बारीक बुडबुडे सोडून ते फेसाळ करावं लागलं. मला या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत प्रामाणिक तडजोड वाटते. प्रयोगशाळेतला आदर्श आकडा सोडून पावसात टिकेल तो आकडा पत्करलेला.

२५ आणि २६ जुलै २००५ च्या पावसात महाड-पोलादपुरात दरडी कोसळल्या. दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते. माणसं गेली ती दोनशेच्या आसपास. २२ जुलै २०२१ ला तळिये गावावर डोंगर आला आणि ऐंशीहून जास्त जीव गेले. त्या दिवसांत घाटमाथ्यावर महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. अशा वेळी फोन बंद पडतात ते बहुधा वीज जाते आणि टॉवरच्या बॅटऱ्या संपतात म्हणून. कितीही चांगलं पॉलिमर आणलं तरी त्याला तिथे इलाज नाही, आणि तसा दावा कोणी करू नये. पॉलिमरचा संबंध येतो तो त्याच्या आधी, पाऊस बघण्याच्या कामात.

आंबेनळी घाटाने पोलादपूरहून चढलं की महाबळेश्वर. तिथे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेने २०१२ मध्ये ढगांच्या अभ्यासाची प्रयोगशाळा थाटली. वाईजवळच्या मांढरदेवच्या डोंगरावर, पोलादपूरपासून सरळ रेषेत चाळीसेक किलोमीटरवर, संस्थेने रडारं बसवली. एक ९.५ गिगाहर्ट्‌झच्या आसपास चालणारं, म्हणजे तीन सेंटिमीटर लांबीच्या लहरींचं, आणि एक ३५ गिगाहर्ट्‌झचं, लहर सेंटिमीटरहूनही आखूड. अशा यंत्रांना उन्हा-पावसापासून वाचवायला अँटेनावर पांढरा घुमट घालतात. त्याला रेडोम म्हणतात. लहरींना तो काचेसारखा पारदर्शक हवा, म्हणजे पुन्हा कमी आकड्याचा पॉलिमर.

महायुद्धातले सुरुवातीचे काही रेडोम प्लायवुडचे होते. लाकूड ओल पिऊन घेई आणि रडार आंधळं होई. अमेरिकेत एमआयटीच्या रेडिएशन लॅबोरेटरीने १९४४ मध्ये काचतंतूंच्या दोन पातळ पापुद्र्यांमध्ये हलका पॉलिस्टायरिनचा गाभा घालून तिपदरी रेडोम बनवला. आजचे घुमट त्याच घराण्यातले. आत पाणी शिरायचं थांबलं. पण घुमटावर बाहेरून पाणी साचतं त्याचं काय? मुसळधार पावसात त्यावर पाण्याची पातळ साय धरते. मिलिमीटरच्या काही दशांश जाडीचा तो थर तीन सेंटिमीटरच्या लहरींचा बराच भाग परत उडवतो आणि काही गिळून टाकतो. परिणाम असा की पाऊस जितका जोरात, तितका रडारला तो कमी दिसतो, आणि नेमका आपल्या डोक्यावर असेल तेव्हा सर्वांत कमी. म्हणून घुमटाला पाणी न धरणारा लेप देतात, म्हणजे साय न धरता थेंब होऊन ओघळून जातात. लेप उन्हाने आणि धुळीने काही हंगामांत मरतो, पुन्हा द्यावा लागतो. दुसरी युक्ती मोजण्याच्या पद्धतीत आहे. आडव्या आणि उभ्या कंपनांच्या दोन लहरी सोडायच्या आणि त्यांच्या ठेक्यातला फरक मोजायचा. मोठे थेंब पडताना चपटे होतात, त्यामुळे आडवी लहर जास्त रेंगाळते. ओल्या घुमटाने दोघींची शक्ती खाल्ली तरी हा फरक शिल्लक राहतो. कशेडीचा किंवा आंबेनळीचा घाट चढताना मोबाइल टॉवरवर ढोलासारखे पांढरे गोल डबे दिसतात, त्यांच्या तोंडावरही असंच पॉलिमरचं झाकण असतं.

चिपच्या आतली गोष्ट थोडक्यात सांगतो. तिथे सिलिकॉन डायऑक्साइडचा आकडा ४ च्या आसपास, आणि तारा इतक्या जवळ आल्या की एकीचा संदेश दुसरीत झिरपू लागला. डाऊ कंपनीच्या सिल्क नावाच्या पॉलिमरचा, आकडा २.६५, आयबीएमने २००० मध्ये मोठा गाजावाजा केला. शेवटी कारखान्यात टिकला तो कार्बन मिसळलेला ऑक्साइड. पॉलिमर मऊ पडे, गरम झाल्यावर तांब्यापेक्षा जास्त फुगे, तारांचे सांधे ताणले जात. आकडा आणखी उतरवायला पदार्थात सूक्ष्म छिद्रं करावी लागली, आणि छिद्रं आली की हवेतली ओल आत शिरून आकडा परत वर. नॅनोमीटरच्या जगातही जॉइंटरच्या कागदाचीच अडचण.

मोबाइलच्या आत अँटेनाकडे जाणाऱ्या लवचीक पट्ट्या बरीच वर्षं पॉलिइमाइडच्या होत्या. उष्णता उत्तम सोसतो, आकडा ३.४ च्या आसपास, पण वजनाच्या दोन-तीन टक्के पाणी पिऊ शकतो. म्हणून २०१७ च्या आयफोन टेनमध्ये काही पट्ट्या द्रव-स्फटिकी पॉलिमरच्या आल्या. तो पाणी पितो टक्क्याच्या चार शतांश भागाएवढं. २०२२ मध्ये आपल्याकडे २६ गिगाहर्ट्‌झच्या लहरींचा लिलाव झाला. तिथे लहर साडेअकरा मिलिमीटरची, आणि हिरव्या बोर्डात ती काही इंच धावली तरी धापा टाकते.

पॉलिइमाइड सुधारण्याचं काम पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही झालं, आणि त्याचा कच्चा माल कोकणाच्या अगदी ओळखीचा आहे. काजूच्या टरफलातलं तेल. बिब्याच्याच कुळातलं, हाताला लागलं तर कातडी सोलवटून काढणारं. रोजगार हमीतून १९९० मध्ये फळबाग योजना आली आणि कोकणाच्या वरकस जमिनींवर काजू पसरला. टरफलांचे ढीग त्याच्यामागून आले. या तेलातून निघणाऱ्या कार्डानॉलच्या रेणूला पंधरा कार्बनांचं एक लांब शेपूट असतं. प्रकाश वडगावकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते शेपूट कायम ठेवून पॉलिइमाइडच्या साखळीवर लटकवलं. त्यावरचा त्यांचा एक निबंध २००९ चा आहे. एरवी पॉलिइमाइड कशात विरघळता विरघळत नाही, म्हणून त्यांचा रोख मुख्यतः विद्राव्यतेवर होता. पण असं शेपूट आणखी दोन गोष्टी करतं. ते पॉलिथिनसारखंच नुसतं कार्बन-हायड्रोजनचं, म्हणजे धन-ऋण टोकांचं प्रमाण कमी करतं. आणि आडदांड असल्यामुळे साखळ्यांना एकमेकींशी दाटीने बसू देत नाही, मध्ये रिकामी जागा सोडतं. आकडा उतरवायची हीच दोन हत्यारं जगभरचे रसायनशास्त्रज्ञ वापरतात. किंमत इथेही आहेच. साखळ्या सैल झाल्या की पदार्थ कमी तापमानाला मऊ पडतो, आणि आजचं शिसं नसलेलं डाख काम २६० अंशांपर्यंत जातं. शिवाय झाडाच्या तेलात दुहेरी बंधांचं प्रमाण सारखं नसतं, आणि इलेक्ट्रॉनिक्सला प्रत्येक पिंपातला माल तंतोतंत सारखा लागतो.

तूर्त काजूच्या टरफलाचं तेल जातं गाड्यांच्या ब्रेकच्या अस्तरांत आणि रंगांत. त्यातलाच एक भाग, कार्डानॉलपासून केलेले फेनाल्कामाइन, इपॉक्सी रंग कडक करायला वापरतात. जहाजांच्या बुडाला आणि धक्क्याच्या लोखंडाला हे रंग लावतात, कारण ते ओल्या पृष्ठभागावरही धरतात, आणि थंडीतही सुकतात.